सातव्या खुंटाजवळची शिट्टी

माझी वहिनी ऐकण्याचं काम करायची. हसू नका, तेच तिचं काम होतं. आमच्या पक्षी-अभ्यास केंद्राच्या राईत कोणकोणते पक्षी आहेत याची रोज नोंद व्हायची, आणि ती दुर्बीण लावून नाही, कान लावून व्हायची. एकोणीस वर्षं तिने ते केलं. केंद्रातले लोक तिला कानसेन म्हणायचे आणि ती ते नाव मिरवायची. घरात मात्र त्याच कानांना दूध उतू गेलेलं कधी ऐकू आलं नाही. मी ओरडले की म्हणायची, "दूध उतू जाताना आवाज करत नाही, त्याला मी काय करू?" वर पुन्हा ओटा पुसायला मीच.

राईतून एक पायवाट जायची आणि वाटेवर बारा खुंट ठोकलेले होते. उजाडायच्या आधी पहिल्या खुंटाशी उभं राहायचं, दहा मिनिटं ऐकायचं, वहीत लिहायचं, पुढच्या खुंटाशी जायचं. पहिला नियम असा की बघायचं नाही. केंद्र सुरू करणारे मोठे सर याबाबत फार कडक होते. माणसाचा डोळा एखाद्या देखण्या पाखरावर जाऊन चिकटतो आणि तेवढ्यात दहा साधी पाखरं ओरडून निघून जातात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून नजर बुटांवर आणि कान झाडांत. दुसरा नियम, ऐकलं तेवढंच लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. हा दुसरा नियम वहिनी नव्या माणसाला अशा काही आवाजात सांगायची की त्याला घाम फुटायचा.

मी त्याच केंद्रात टायपिस्ट. वहिनी मला अजूनही 'टकटक' म्हणते. तिच्या वह्यांवरून वर्षाचा अहवाल टाइप करायचा हे माझं काम. माझा मोठा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, त्या पायवाटेची निगा ठेवायचा. पडलेल्या फांद्या ओढून काढायच्या, खुंटांना पांढरा रंग द्यायचा, शाळेच्या सहली यायच्या त्यांच्यासाठी पाट्या रंगवायच्या. ऑफिसच्या मागे दोन खोल्या होत्या, त्यात आम्ही तिघं राहायचो. मी लग्न केलं नाही. का, ते विचारू नका, विचारणाऱ्यांना मी फार तोडून बोलते.

पाट्यांवरचे शब्द मोठ्या सरांचे होते. अधिवास, अन्नसाखळी, स्पर्धा, परजीवी, सहजीवन, विघटक. प्रत्येकाखाली सरांनी दिलेला कोरडा अर्थ. पण दादाला तेवढ्यावर राहवायचं नाही. 'परजीवी'पाशी मुलं थांबली की तो सांगायचा, "म्हणजे जो दुसऱ्याच्या जिवावर जगतो, पण त्याला पुरता मरूही देत नाही. आमचा एक मामेभाऊ असाच येऊन राहिला होता, अकरा महिने." 'सहजीवन'पाशी वहिनी उभी असली तर मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "यात दोघांचाही फायदा असतो. निदान पाटीवर तरी तसं लिहिलंय." वहिनी बुटांवरची नजर न काढता म्हणायची, "दहा मिनिटं गप्प राहायचं काय घेशील रे?" मुलं खिदळायची, आणि त्या दहा मिनिटांची नोंद वाया जायची.

राईत एक पाखरू होतं, त्याला आम्ही घंट्या म्हणायचो. आवाज लहानशा घंटीसारखा, दोनदा वाजून तिसऱ्यांदा लांबणारा. दिसायला अगदीच मातकट. पण सरांच्या भाषेत तो 'निर्देशक' होता. म्हणजे असं की त्याला जुन्या झाडाची ढोली लागते, खाली वर्षानुवर्षं न हलवलेला पाचोळा लागतो, पाचोळ्यात किडे लागतात, किड्यांना ओल लागते. यातलं एक जरी बिघडलं तरी तो सगळ्यांच्या आधी जातो. म्हणून घंट्या आहे म्हणजे राई धडधाकट आहे, असा हिशोब. याच एका पाखराच्या नावावर आमची राई, शाळेच्या सहली सोडल्या तर, बंद ठेवलेली होती. दर काही वर्षांनी समिती यायची, अहवाल बघायची, घंट्या 'उपस्थित' असला की परत जायची. नसता, तर राईचा पश्चिमेकडचा अर्धा भाग मालट्रकांच्या तळाला द्यायचा हे कागदावर कधीचंच ठरलेलं होतं.

आता दादाच्या शिट्टीबद्दल सांगायला हवं. दादाच्या पुढच्या दातांत फट होती. त्यामुळे तो चार सुरांची एक शिट्टी मारायचा, तिचा चौथा सूर फाटायचा आणि नुसता वारा निघायचा. रोज सकाळी वाट झाडत झाडत तो सातव्या खुंटापर्यंत यायचा आणि शिट्टी मारायचा. मग वहिनी सहाव्या खुंटाची नोंद संपवून त्याच्याकडे जायची, आणि दोघं थर्मासमधला चहा प्यायची. एवढंच. पण बारा वर्षं हे एकाही दिवशी चुकलं नाही. मी खोलीत दात घासत असले तरी ती शिट्टी मला ऐकू यायची, आणि त्या फाटक्या सुरावर मी रोज हसायचे.

दादा तापाने गेला. तीन दिवस हॉस्पिटलात होता, चौथ्या दिवशी संपलं. मी हंबरडा फोडला. वहिनी रडली नाही. नवव्या दिवशी वही घेऊन कामावर गेली. लोक म्हणाले, धीराची बाई आहे. मला मात्र एक गोष्ट खुपत होती, 'गेला' हा शब्द तिच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. ऑफिसात फॉर्म भरायचा होता, त्यात पतीच्या नावापुढे 'हयात / मृत' असं होतं. तिने ते तसंच कोरं सोडलं. शेवटी 'मृत'वर मीच खूण केली.

त्याच्या पाट्यांना मग कुणी वाली राहिला नाही. रंग उडाले, कडांना बुरशी धरली. सगळ्यांत आधी वाळवीने 'विघटक' हीच पाटी खाल्ली. दादा असता तर या विनोदावर आठवडाभर जगला असता.

दोन महिने झाले असतील. एक दिवस वहिनी फेरीवरून तासभर उशिरा आली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बुटांना पाचोळा चिकटलेला, चेहरा असा की हिला ताप आहे की आनंद झालाय ते कळेना. तिने वही माझ्या टेबलावर ठेवली. बाकी अकरा खुंटांच्या नोंदी होत्या, सातव्याची ओळ कोरी.

"सात कुठंय?" मी विचारलं.

"सातव्या खुंटाशी लिहायचं सुचलं नाही," ती म्हणाली. मग माझ्या जवळ येऊन, अगदी हळू, "टकटक, त्याने शिट्टी मारली गं."

मी म्हणाले, "वहिनी, भलतंसलतं बोलू नकोस हं." ती नुसती हसली. दादा एखादा चावट विनोद करायचा तेव्हा जसं खाली बघून हसायची, तसं हसली. मला त्या हसण्याचीच जास्त भीती वाटली.

त्यानंतर ती बदलली. पहाटे माझ्याही आधी उठायची, नीट केस विंचरायची, धुतलेले मोजे घालायची. फेरीवरून यायची ती हलकी होऊन. सातव्या खुंटाची नोंद आता वहीत असायची, त्या ओळीत बहुतेक दिवशी घंट्याही असायचा. बाकी कुठल्याच खुंटाशी नाही, फक्त सातव्याशी. मी ते वर्षानुवर्षं टाइप केलं. घंट्या, उपस्थित. घंट्या, उपस्थित. माझ्या डोक्यात काही आलं नाही. मला वाटलं, तिला दादा ऐकू येतो तर येऊ दे, कुणाचं काय जातंय?

पण मीही काही धड नव्हते. एकदा रागाच्या भरात तिच्यामागून राईत गेले. म्हटलं, बघूच हिचं हे खूळ. सहाव्या खुंटाशी ती उभी राहिली, मी दहा पावलं मागे. पानांवरून दव टिपकत होतं. आणि मग पलीकडून शिट्टी आली. चार सूर. चौथा फाटलेला. मी मटकन पाचोळ्यात बसले. वहिनी मागे वळून बघायलाही थांबली नाही, शिट्टीच्या दिशेने पानं तुडवत निघून गेली. मी रांगत उठले आणि उलटी पळाले, ते थेट खोलीत येऊन दार लावलं. त्या दिवसापासून मी राईचं नाव काढलं नाही, आणि तिला एका शब्दाने टोकलं नाही. आणि खरं सांगायचं तर, त्यानंतर रोज सकाळी मी खिडकी उघडी ठेवायला लागले. दादा असताना पोचायची तशी ती आता खोलीपर्यंत पोचायची नाही. तरी ठेवायचे.

अशी सात वर्षं गेली. मग समितीचं पत्र आलं, की महिन्याभरात येतो, या वेळी अहवाल तर वाचूच, पण स्वतः राईत उभं राहून ऐकूही. पत्र आल्याच्या चौथ्या दिवशी वहिनी फेरीवरून आली आणि बूट न काढताच खाटेवर बसली.

"काय झालं?"

"दोन्ही एकाच फांदीवरून आले गं."

"काय दोन्ही?"

"आधी घंट्या वाजला. तोच सूर लांबला, आणि त्याच दमात तुझ्या दादाची शिट्टी. मध्ये श्वास घ्यायलासुद्धा जागा नव्हती." ती स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होती. "एका गळ्यातून आले ते."

तेव्हा मला कळलं ती काय म्हणते आहे. राईत कोतवाल पक्षी आहे. काळा, शेपटीला दोन लांब दोऱ्या. दुसऱ्यांचे आवाज हुबेहूब काढतो, म्हणून आम्ही त्याला नकल्या म्हणतो. वहिनीला तो माहीत नव्हता असं नाही. पण नकल्या एकामागून एक दहा आवाज काढतो, त्यावरून तो ओळखू येतो. सातव्या खुंटाजवळचा हा मात्र एकेक आवाज सुटा काढायचा, आणि बघायचं नाही हा तर नियमच. मोठ्या सरांच्या त्या नियमाने जगातल्या सगळ्यांत चांगल्या कानांना सात वर्षं फसवलं होतं.

"मग घंट्या?" मी विचारलं.

"घंट्या खरा धरायचा तर शिट्टीही खरी धरावी लागेल," ती म्हणाली. "दोनपैकी एक आहे आणि एक नाही, असं आता म्हणता येत नाही मला."

दुसऱ्या दिवशी तिने मला हाताला धरून राईत नेलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने मान वर केली. मी डोळे मिटून घ्यायच्या बेतात होते, पण तिने कोपर मारलं. शिट्टी आली. फांदीवर तो बसला होता, काळाभोर, गळा फुगवून. दादाचा चौथा सूर त्याने फाडला, अगदी तस्साच. वहिनी नेहमीसारखी त्याच्याकडे चालायला लागली. तिच्या बुटांखालून पाचोळ्यातले नाकतोडे, पतंग उडाले. नकल्या खाली झेपावला, एक पकडला, फांदीवर जाऊन खाल्ला, पुन्हा झेपावला. वहिनी थांबली तसे किडे उडायचे थांबले. त्याने थोडा वेळ वाट बघितली आणि पुन्हा शिट्टी मारली.

मला सगळं लख्ख कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. त्या पाखराने दादा असताना पाहिलं होतं की ही शिट्टी वाजली की बाई येते, बाई आली की पाचोळा हलतो, पाचोळा हलला की खायला मिळतं. दादा गेल्यावर बाई सातव्या खुंटाशी रेंगाळेना. मग त्याने स्वतःच बोलावलं. इतर पाखरांना तो असाच बोलावतो, त्यांच्या-त्यांच्या आवाजात, आणि ती आली की त्यांनी उडवलेले किडे खातो. त्याच्या लेखी माझी वहिनी म्हणजे पाचोळा उडवणारं आणखी एक जनावर. याला सहभोजिता म्हणतात. मी तो शब्द शंभरदा टाइप केला असेल. एकाचा फायदा, दुसऱ्याचा फायदाही नाही, नुकसानही नाही. नुकसान नाही? कुणी ठरवलं? सात वर्षं माझी वहिनी धुतलेले मोजे घालून कुणाच्या न्याहारीला जात होती!

खोलीत आल्यावर तिने वही उघडली आणि त्या महिन्यातल्या सातव्या खुंटाच्या सगळ्या ओळींत 'घंट्या' खोडून 'नकल्या' लिहिलं. शिस्तीत, एकेका खाडाखोडीवर सही करून.

मग आमचं भांडण झालं. असं भांडण आमच्यात आधी कधी झालं नव्हतं. मी म्हणाले, "वेड लागलंय का तुला? घंट्या नाही असं गेलं की पश्चिमेची राई गेली. सातवा खुंट पश्चिमेलाच आहे. ती झाडं गेली की हा नकल्या जाईल, आणि हा गेला की दादाची शिट्टी जाईल. जगात दुसरीकडे कुठे आहे ती? एक टेप नाही आपल्याकडे, काही नाही!"

"ती त्याची नाहीच आहे," ती म्हणाली.

"असू दे पाखराची! मला चालेल पाखराची!" हे मी बोलून गेले आणि माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं मी तिला खुळी म्हणत होते, पण शिट्टी तिच्यापेक्षा मलाच हवी होती. ती निदान रोज जाऊन ऐकत होती. मी भित्री, नुसती खिडकी उघडून बसायचे.

तिने वही माझ्या टेबलावर ठेवली आणि भाजी चिरायला बसली.

आता मी जे केलं ते लपवत नाही. अहवाल टाइप करायला बसले आणि वहीत काय आहे ते बघून, नीट वाचून, मी टाइप केलं: घंट्या, उपस्थित, सातवा खुंट. आयुष्यात मी एक काना-मात्रा इकडची तिकडे केली नव्हती. त्या दिवशी अख्खं पाखरू घुसवलं. पान मशिनीतून काढताना मला लाज वाटली नाही. उलट छान वाटलं, सूड उगवल्यासारखं. कुणावर ते विचारू नका.

समितीत तिघं होते. पांढऱ्या केसांच्या एक अध्यक्षबाई, एक तरुण प्राध्यापक, आणि मालट्रकांच्या तळाच्या बाजूने आलेला एक अधिकारी, ज्याचे बूट राईत शिरण्याच्या लायकीचे नव्हते. पहाटे आम्ही पाचजण वाटेने निघालो. मी सगळ्यांत मागे, माझं धाबं दणाणलेलं. सातव्या खुंटाशी अध्यक्षबाईंनी माझं पान काढलं आणि बॅटरीच्या उजेडात वाचलं, "घंट्या, उपस्थित, सातवा खुंट."

वहिनीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागावली असती तर मी सहन केलं असतं.

आम्ही उभे राहिलो. पाच मिनिटं गेली, सहा गेली. मी मनात म्हणत होते, वाज रे, मेल्या, वाज. आणि तो वाजला. दोनदा लहान, तिसऱ्यांदा लांब. इतका गोड की अधिकाऱ्यानेही घड्याळावरची नजर उचलली. प्राध्यापकाचा चेहरा उजळला. तो वहिनीच्या कानाशी कुजबुजला, "हाच ना, बाई? घंट्याच ना?"

नुसती मान हलवायची होती तिने. एवढंच. तिने अहवालात खोटं लिहिलं नव्हतं, ते मी लिहिलं होतं, पाप माझ्या माथ्यावर होतं. तिने फक्त मान हलवायची, राई वाचणार, नकल्या वाचणार, आणि दादा रोज सकाळी सात नंबरला असणार. तिची हनुवटी खाली गेलेली मी पाहिली. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्याच फांदीवरून शिट्टी आली. चार सूर, चौथा फाटका.

"कोण आहे तिकडे?" अधिकारी मोठ्याने म्हणाला. "बंद राई म्हणता आणि आत माणसं सोडता?"

मी वहिनीकडे बघत होते.

"ती माझ्या नवऱ्याची शिट्टी आहे," ती म्हणाली. "तो सात वर्षांपूर्वी वारला."

मला वाटतं, मी तोंडावर हात दाबून धरला होता. तिने ते बोलून टाकलं होतं. परक्या माणसांसमोर, भर राईत, स्वच्छ आवाजात.

"घंट्याही नाही," ती पुढे म्हणाली. "दोन्ही आवाज त्या कोतवालाचे आहेत. घंट्या बहुतेक माझ्या नवऱ्याच्या आसपासच गेला. याने त्याचा आवाज तेवढा ठेवला. माझी चूक झाली. मी सात वर्षं चूक लिहिली."

अध्यक्षबाईंनी पान वर धरलं. "पण इथे तर..."

"ते माझ्या नणंदेने टाइप केलंय. तिचा भाऊ होता तो. तिला काही बोलू नका."

प्राध्यापकाने हातातली आपली वही मिटली. अध्यक्षबाईंनी पान घडी करून ठेवलं. मग म्हणाल्या, "बाई, तुम्ही हो म्हणाला असतात तर आम्हाला कळलंही नसतं."

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाली. "पण हो म्हटलं असतं तर उद्या पहाटे मला परत यावं लागलं असतं. रोज येतेय मी. बोलावणं आलं की जाते. आता दमले हो मी."

मग सात वर्षांचं रडं त्या बाईने सातव्या खुंटाला धरून, परक्यांसमोर, मोठमोठ्याने रडून घेतलं. अधिकारी पाठ करून उभा राहिला. मी तिला धरलं. आमच्या हलण्याने पाचोळा उडाला, आणि नकल्या खाली येऊन किडे टिपून गेला.

पश्चिमेची राई गेली. पूर्वेची राहिली, तिथे पाण्याचा झरा आहे म्हणून. मला नोकरीवरून काढलं नाही, पण टायपिंगचं काम काढून घेतलं, आणि ते रास्तच होतं. वहिनी निवृत्त झाली. गावात आम्ही एक खोली घेतली आहे. ती आता सात वाजेपर्यंत झोपते. घोरतेसुद्धा, कानसेन असून स्वतःचं घोरणं तिला ऐकू येत नाही.

जाग मला येते. पाच वाजता डोळे टक्क उघडे. मध्ये मी उरलेल्या राईत जायला लागले होते. तिला न सांगता, तिचेच बूट घालून. नकल्या पूर्वेकडे सरकला आहे, मी त्याला बघितलं. मी वेड्यासारखी पाचोळा तुडवला, मुद्दाम, गोल गोल. तो आला, पोटभर खाल्लं, आणि मला येतील तेवढे सगळे आवाज ऐकवले. घंट्यासुद्धा वाजवला. फक्त तो एक आवाज नाही. चार महिने कुणी त्या शिट्टीला आलं नाही, मग त्याने ती सोडून दिली. त्याचं काय चुकलं? मी तिथे उभी राहून फाटक्या सुराची वाट बघत होते आणि तेव्हा, दादा गेल्याला आठवं वर्ष सरत असताना, मला पहिल्यांदा कळलं की माझा भाऊ मेलाय. हंबरडा तर मी तेव्हाच फोडला होता. पण कळलं आत्ता.

मी घरी आले तर वहिनी जागी होती. तिने माझ्या पायातल्या तिच्या बुटांकडे बघितलं, पाचोळ्याकडे बघितलं.

"आली का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

ती भिंतीकडे सरकली आणि चादर उचलून धरली. "ये, पड जरा," ती म्हणाली. "अजून सात वाजले नाहीत."